पहिलीचा वर्ग कोणाला दिलाय?

पत्र

बाई, मी चोपडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावातून लिहिते. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवी, पट 560, एकेका इयत्तेच्या दोन-दोन तुकड्या, शिक्षक तेरा, दोन जागा रिकाम्या. जूनपासून मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. दहावी शिकलेली आहे, घरी शिवणकाम करते. शाळा दिसायला अशी की साहेब लोक येऊन फोटो काढतात. भिंतीवर सातपुडा, आगगाडी, पाढे, सगळं रंगवलेलं. पाचवीची चार मुलं शिष्यवृत्तीत आली, त्यांचा बॅनर गेटवर आहे. पण माझा मुलगा चौथी ‘ब’मध्ये, त्याला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. वह्या मात्र मोत्यासारख्या. जावेची मुलगी चौथी ‘अ’मध्ये, ती पेपर वाचते. मुख्याध्यापक स्वभावाने सरळ, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस पंचायत समितीत, नाहीतर ऑफिसात मोबाइलवर माहिती भरत बसलेले. गावातली पोरं म्हणतात, शाळेला टाळं ठोकू आणि सरांची बदली मागू. मालक म्हणतात, मुलाला तालुक्याला इंग्लिश मीडियमला टाकू. मी काय करू?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘वह्या मात्र मोत्यासारख्या.’ तिथेच सगळी मेख आहे. फळ्यावरचं बघून उतरवायला वाचता यावं लागत नाही. उठवलेल्या ठिपक्यांवर रांगोळी काढावी तसं मूल अक्षरांची चित्रं काढतं, खाली लाल शाईत ‘छान’ येतं, सही होते. घरी आई वही बघते आणि निर्धास्त होते. माझ्या नोकरीत मी अशा शेकडो वह्या तपासल्या आणि पहिली काही वर्षं फसले. मग एक सवय लावून घेतली. वही उघडायची, त्या मुलानेच लिहिलेल्या ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे काय लिहिलंयस? शेवटून विचारलं तर आणखी बरं, कारण सुरुवातीचा भाग पाठ असतो. आज संध्याकाळी मुलाला मांडीशी घेऊन एवढं करा. रागावू मात्र नका. तीन वर्षं त्याने त्याच्या परीने प्रामाणिक काम केलंय. काम कुठलं द्यायचं हे ठरवणारे चुकले.

वर्गात एका सुरात वाचन होतं, त्याचंही असंच. चाळीस मुलांत आठ जण खरं वाचतात, बाकीचे अर्ध्या मात्रेने मागून आवाज लावतात. आरतीला आपण करतो तसं. बाहेर व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं, वा, काय दणदणीत वाचन चाललंय.

आता तुमच्या जावेची मुलगी आणि तुमचा मुलगा. इमारत एक, पोषण आहार एका पातेल्यातला, पुस्तकं बालभारतीचीच, मुख्याध्यापक तेच, आणि दोन तुकड्यांत एवढी तफावत. दोन शिक्षकी शाळेत गुरुजी चांगले असले तर शाळा चांगली, इतकं ते सरळ असतं. चौदा तुकड्यांच्या शाळेत तसं राहत नाही. तिथे एका छपराखाली चौदा शाळा भरतात. ‘अ’मधल्या बाई काय वेगळं करतात हे ‘ब’च्या सरांना भिंतीपलीकडे असूनही ठाऊक नसतं, आणि ते एकमेकांना दाखवायचं काम मुख्याध्यापकाचं. ऑफिसात बसून ते होत नाही, आणि सात तालुके फिरून आलेल्या अधिकाऱ्याच्या भेटीतूनही होत नाही. तुमचे सर सरळ आहेत म्हणता. मी मानते. सरळ माणूसही वर्गात गेलाच नाही तर त्याला तफावत दिसणार कशी?

म्हणून बैठकीत पहिला प्रश्न चौथी ‘ब’बद्दल विचारू नका. विचारा, यंदा पहिलीचे वर्ग कोणाला दिलेत, आणि का?

हा प्रश्न मी माझ्याच चुकीतून शिकले. धुळे जिल्ह्यात एका मोठ्या केंद्रशाळेत मुख्याध्यापिका होते तेव्हाची गोष्ट. शिष्यवृत्तीच्या परीक्षा तेव्हा चौथीला आणि सातवीला असत, पाचवी-आठवीला त्या नंतर गेल्या. शाळेतला सगळ्यात हुशार शिक्षक मी सातवीला दिला, दुसऱ्या नंबरच्या बाई चौथीला. पहिली दिली एका गुरुजींना, ज्यांची निवृत्ती दीड वर्षावर होती आणि ज्यांना कमी ऐकू यायचं. माझा विचार असा, की लहान पोरं आहेत, सांभाळायचीच तर आहेत. त्या वर्षी शिष्यवृत्तीत अकरा मुलं आली. पेढे वाटले, सत्कार झाला, माझी मान ताठ. तीन वर्षांनी तीच पहिलीची पोरं चौथीत पोचली आणि निम्म्यांना जोडाक्षर फुटेना. तेव्हा मी चौथीच्या बाईंना बोल लावला! बाई गरीब, काही बोलल्या नाहीत. रात्री हजेरीपटं काढून बसले तेव्हा कळलं की हे पेरलं मीच होतं.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कापसाची लावण बिघडली तर वेचणीला दहा बाया जास्त लावून बोंडं वाढत नाहीत. तरी शाळेत आपण सगळी चांगली माणसं वेचणीलाच लावतो. तुमच्या गेटवरचा बॅनर मला तेच सांगतो. चार मुलांचं कौतुक जरूर करा, मुलांनी कष्ट केलेत. पण पाचवीत ऐंशी मुलं असतील, तर उरलेल्या शहात्तर मुलांचा बॅनर कसा दिसेल, हेही बैठकीत एकदा कोणीतरी विचारायला हवं. ते तुम्ही विचारा.

पहिलीला शिक्षक कसा हवा, तर ज्याला घरची बोली कळते, निदान तिची लाज वाटत नाही. तुमच्या गावात काही घरांत अहिराणी असेल, काही घरांत गुजरी असेल, आणि केळीच्या बागेत कामाला आलेल्या पावरा कुटुंबांची मुलं पावरी बोलत येत असतील. सहा वर्षांचं पोरगं उभं राहून सांगतं, ‘मन्हा बाप वावरमा गया.’ अख्खं वाक्य, कर्ता-क्रियापद जागच्या जागी, अर्थ स्वच्छ. त्यावर ‘नीट बोल’ म्हटलं की ते गप्प होतं, आणि दिवाळीपर्यंत गप्पच राहतं. ज्या बाईंना शिकवता येतं त्या ‘हो का? वावरात गेले का तुझे बाबा?’ म्हणतात, दोन्ही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहितात आणि ‘वावर’ हा शब्द दोन्हीकडे आहे हे पोरांकडूनच शोधून घेतात. पाच मिनिटांचा खेळ. त्याला अनुदान लागत नाही, रंगाचा डबाही लागत नाही.

रंगावरून आठवलं. शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत 250 च्या वर आणि 1000 पर्यंत पट असेल तर ते 75,000 रुपयांपर्यंत असतं, आणि ते कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे तुमच्या समितीचं कायद्यातलं काम आहे. भिंत रंगवण्याला माझा विरोध नाही. फक्त मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी साहेबांच्या उंचीवर लिहिलेलं असतं.

आता सरांच्या वेळेबद्दल. इथे मी थोडी त्यांच्या बाजूने बोलणार आहे, राग मानू नका. पोषण आहाराची रोजची संख्या, यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, मुलांच्या आधारची दुरुस्ती, बँक खाती, गणवेशाची मापं, व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी अकराला आलेलं ‘दुपारी दोनपर्यंत पाठवा’. हे सगळं खरं आहे आणि हे करता करता मीही थकले होते. त्यात तुमच्या शिक्षकांपैकी एखाद-दोघे बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम दिलेले असतील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरं बिनशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादीच्या कामाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितलेलं आहे की ते सुट्टीच्या आणि बिनशिकवणीच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. सर एकटे ही गोष्ट वर बोलू शकत नाहीत, त्यांची नोकरी आहे. समितीचा ठराव बोलू शकतो. म्हणजे पहिल्याच बैठकीत तुम्ही त्यांच्या अंगावर जाण्याऐवजी त्यांचा वेळ सोडवून देणारा ठराव मांडलात, तर पुढचं मागायला तुमची जीभ जड होणार नाही.

आणि पुढचं मागायचं ते हे: रोज सकाळी परिपाठ संपल्यावर पहिल्या दोन तासिका सर ऑफिसात नसतील. एक तासिका स्वतः शिकवतील, तिसरीला किंवा चौथीला, आणि एक तासिका कोणाच्या तरी वर्गात मागच्या बाकावर बसतील. ऑनलाइन माहिती तीननंतर. खरंच तातडीचं काही आलं तर अपवाद, पण अपवाद वहीत लिहायचा. महिन्याच्या बैठकीत ती वही समोर ठेवायची. एवढंच. मी सांगते, पहिल्या महिन्यात वही अपवादांनीच भरेल. भरू द्या. तीच वही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यायची, की साहेब, आमचे मुख्याध्यापक तुम्ही इतके दिवस पळवलेत.

लॉगबुकही बघायला मागा, म्हणजे मुख्याध्यापक वर्ग बघून शेरे लिहितात ती वही. शिक्षकांना गुण द्यायला नव्हे, तो तुमचा प्रांत नाही आणि त्यात पडलात तर तेरा जण एक होतील. फक्त शेरे कसे लिहिलेत ते बघा. ‘पाठ चांगला झाला. सुधारणेस वाव.’ असे शेरे ऑफिसात बसून लिहिता येतात, मी स्वतः लिहिलेत. ‘खिडकीजवळच्या रांगेतल्या चार मुलांना वजाबाकीत हातचा समजलेला नाही, उद्या काड्यांचे गठ्ठे वापरून बघा’ असा शेरा वर्गात बसल्याशिवाय लिहिता येत नाही.

मुलांना नेमकं काय येतं हे कोणी शोधायचं? समितीने एकटीने जाऊन परीक्षा घेऊ नका. सरांना म्हणा, तिसरी ते पाचवीची सगळी मुलं तीन दिवसांत ऐकून घेऊ. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून लांब, झाडाखाली. ‘अ’चे शिक्षक ‘ब’ची मुलं ऐकतील आणि ‘ब’चे ‘अ’ची. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा पायऱ्या. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ अहवालासाठी घरोघरी जाऊन मुलांना असंच ऐकतात. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात. दहाएक शिक्षकांनी मनावर घेतलं तर अडीचशे मुलं तीन दिवसांत होतात. नावांची यादी भिंतीवर लावायची नाही, पालकसभेत वाचायची नाही. तुकडीवार आकडा तेवढा बैठकीत.

आकडा आल्यावर मोठी शाळा असण्याचा फायदा घ्या. दोन शिक्षकी शाळेला जे जमत नाही ते तुमच्याकडे सहज जमतं. रोज एक तास तिसरी ते पाचवीच्या सहा तुकड्या मोडायच्या आणि मुलं पायरीप्रमाणे सहा गटांत बसवायची. इयत्ता बाजूला. अक्षरांवर अडकलेली मुलं एका ठिकाणी, मग ती तिसरीची असोत की पाचवीची, आणि त्या गटाला शाळेतली सगळ्यात कसलेली व्यक्ती. बहुधा तुमच्या चौथी ‘अ’च्या बाई. ही पद्धत ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेने बऱ्याच राज्यांत वापरून दाखवली आहे, मी काही नवीन सांगत नाही. एक तास संपला की मुलं आपापल्या तुकडीत परत. ‘ब’च्या सरांचा अपमान होत नाही, त्यांना रोज बाईंच्या गटाशेजारी बसायला मिळतं. अडचण दोन ठिकाणी येईल. पाचवीच्या मोठ्या मुलांना लहानांत बसायची लाज वाटते, तेव्हा त्यांना फळा-खडू सांभाळायचं, हजेरी घ्यायचं काम द्या. आणि कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी घसरेल. म्हणून हे दिवाळीच्या आत सुरू व्हायला हवं.

टाळं ठोकण्याचं काय? ठोकू नका. टाळं लागलं की दोन दिवस पोरं केळीच्या बागेत हिंडतात, तिसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी येऊन आश्वासन देतात, पेपरात फोटो येतो आणि शिक्षक गावाशी कायमचे तुटतात. बदलीही मागू नका, निदान आत्ता. एक सर गेले तर दुसरे येतील आणि त्याच खुर्चीत त्याच मोबाइलवर तीच माहिती भरतील. मात्र दोन गोष्टींत थांबायचं नाही. मुलांना मारहाण होत असेल, किंवा कोणी न सांगता गैरहजर राहत असेल आणि मस्टरवर सह्या होत असतील, तर लेखी तक्रार त्याच आठवड्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पोच घ्या, पोचेवर शिक्का घ्या. रिकाम्या दोन जागांसाठीही असाच लेखी पाठपुरावा करा, त्याला मुख्याध्यापक जबाबदार नाहीत.

तुम्ही अध्यक्ष आहात याचा अर्थ सांगते, कारण दहावी शिकलेली आहे हे तुम्ही जरा दबून लिहिलंत. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा म्हणतो. बी.एड. झालेले असावेत असं कुठेही म्हटलेलं नाही. शिवणाऱ्या बाईला माप बघताक्षणी कळतं की कापड कमी पडलंय. तेच इथे.

इंग्लिश मीडियमबद्दल मालकांना माझा निरोप द्या. ज्या मुलाला घरात कानावर पडणाऱ्या भाषेतलं पान वाचता येत नाही, त्याला कानावर न पडणाऱ्या भाषेतलं पान द्यायचं, वर गाडीचं भाडं भरायचं? आधी त्याला वाचू द्या. सहावीला विचार करा हवं तर.

त्याच्यासाठी शाळा सुधारायची वाट बघत बसू नका. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं. पुस्तक नको, पुस्तकाची त्याला आता धास्ती असेल. तुमच्या मापांच्या वहीतली गिऱ्हाइकांची नावं वाचून घ्या, खताच्या गोणीवरचं, एसटीच्या पाटीवरचं. तो स्वतः काय बोलतो ते तुम्ही त्याच्याच बोलीत चार ओळींत लिहा आणि त्यालाच वाचायला द्या. स्वतःचं बोलणं ओळखीचं असतं, त्यामुळे पुढचा शब्द त्याला अंदाजाने तरी सापडतो. दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं सुरेख उतरवतो म्हणजे दिसत असावं, तरीही तपासा.

आणि एक राहिलं. बऱ्याच गावांत बैठक होतच नाही. कोणीतरी शिपायासारखा घरोघरी फिरतो आणि इतिवृत्ताच्या वहीत सह्या घेतो, मजकूर मागाहून भरला जातो. तुमच्याकडे वही आली तर चहा द्या, वही ठेवून घ्या आणि उद्या बैठकीत सही करते म्हणून सांगा. पुढच्या बैठकीत ‘यंदा पहिलीचे वर्ग कोणाला दिले व त्याचे कारण’ हा विषय क्रमांक एकवर घालायला लावा, आणि उत्तर काय आलं ते मला कळवा.

तुमची,
बाई
(निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी)